डाव्या आरशावरचा गजरा

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्या बाईकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं आणि विचारायचं, "फी कोण देणार?" नाव नाही, गाव नाही, नवरा पितो की मारतो, काही नाही. आधी हे.

आमच्या वकीलबाईंची ही रीत नाशकात सीबीएस स्टँडजवळच्या कोर्टात सगळ्यांना ठाऊक होती. मला नव्हती. मी तेव्हा पंचविशीची होते आणि स्वतःला फार दुःखी समजत होते. दुःखी होतेच, पण समजत त्याहून जास्त होते. वकिलाकडे जायचं म्हणून कपाटातली सगळ्यात फिकट साडी नेसले. रुमाल दोन घेतले, एक रडायला, एक राखीव. मखमलाबादहून सिटी बसने येताना कुठल्या वाक्याला हुंदका द्यायचा तेही ठरवून टाकलं.

गोष्ट साधी होती. नवरा ओझरला कारखान्यात कामाला. त्याचा जीव दुसरीकडे जडला होता, घटस्फोटाला तो एका पायावर तयार होता. पण आमची तीन वर्षांची मुलगी सासूला हवी होती. मी पोरीला काखोटीला मारून माहेरी आले होते आणि ती मला कुणालाही द्यायची नव्हती.

वकीलबाईंचं ऑफिस घरातच होतं, पुढच्या खोलीत. केस मानेपर्यंत कापलेले, पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चुरगळलेली, आणि टेबलावर कायद्याच्या पुस्तकांशेजारी मटारच्या शेंगांची परात. मी पहिला हुंदका काढला तशी त्यांनी परात माझ्यापुढे सरकवली.

"सोला. हात रिकामे असले की माणूस जास्त रडतं."

मी सोलायला लागले. हुंदका कुठे गेला कळलंच नाही.

"फी कोण देणार?"

"दादा देणार," मी ऐटीत म्हटलं. "माझा मोठा भाऊ. तो म्हणाला, नाशकातला सगळ्यात चांगला वकील लाव."

"मग केस दादांची. त्यांना पाठवा, त्यांचा घटस्फोट करून देते. वहिनी तयार आहेत ना?"

मी तरातरा उठून निघाले. ह्या बाईला मन नाही, असं म्हणत बसस्टॉपपर्यंत आले, तेव्हा लक्षात आलं की मूठभर मटार अजून ओंजळीत आहेत. दोन्ही रुमाल कोरडे होते. मटार खाल्ले. गोड होते.

घरी दादा हसला. "लय शहाणी दिसती बाई. दुसरा बघू." पण कोर्टात ज्याला त्याला विचारलं, तो त्यांचंच नाव सांगे. मग मला अक्कल सुचली. पुढच्या आठवड्यात माझ्या पाटल्या रुमालात बांधून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"कुणी केल्या?"

"वडिलांनी. लग्नात."

"परत घाला. तुमच्या हातचं काय आहे?"

"माझ्या हातचं काय असणार? फुलं ओवता येतात तेवढी." हे मी अशा आवाजात म्हटलं, जसं डॉक्टरला सांगावं, मला खोकला येतो.

"मग ओवा."

"आणि फी?"

त्यांनी आकडा सांगितला. मला घेरी यायची बाकी राहिली. मी विचारलं, गरिबाला काही कमी नाही का? त्या म्हणाल्या, "कमी कशाला? मी चांगली वकील आहे. हप्त्याने द्या. एकेका बाईकडून मी महिन्याला दहा रुपयेही घेते, पण तिच्या हातचे. मी महागच लागले पाहिजे, म्हणजे तुम्ही तारखेला झोपणार नाही."

आमची फुलांची शेती. मोगरा, शेवंती, झेंडू. लहानपणापासून मी दादाच्या पाट्यांसाठी गजरे ओवत आले होते, फुकट. आता तेच गजरे घेऊन मी पंचवटीत एका देवळाच्या पायरीशी बसले. पहिल्या दिवशी पदर नाकापर्यंत ओढून "गजरा घ्या" असं इतकं हळू म्हणाले की फक्त एक कुत्रं आलं. वास घेऊन तेही गेलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोर एक जुनी स्कूटर थांबली. वकीलबाई.

"केवढ्याला?"

मी लाजून म्हटलं, "तुम्हाला असाच न्या."

"असाच दिलात तर माझा हप्ता कसा द्याल? भाव सांगा." मी सांगितला. लगेच म्हणाल्या, "महाग आहे. दोन घेतले तर?"

"दोन घेतले तर दोनाचे पैसे," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. कोर्टात एखादी केस जिंकल्यावरही मी त्यांना तशा हसताना पाहिलं नाही. पैसे मोजून दिले आणि गजरा हातात धरून इकडेतिकडे बघायला लागल्या. मानेपर्यंतच्या केसांत माळणार कुठे? शेवटी त्यांनी तो स्कूटरच्या डाव्या आरशाला गुंडाळला.

"अहो, मागचं दिसणार नाही," मी म्हटलं.

"उजव्यात दिसतं की. मागचं एका आरशात दिसलं तरी पुरे."

तेव्हापासून दर तारखेला एक गजरा त्या आरशाचा. विकत. फुकट त्यांनी कधी घेतला नाही.

आणि मग बैठक झाली. आमच्याकडे कोर्ट वेगळं आणि बैठक वेगळी. सासरची चार मोठी माणसं आमच्या ओसरीवर आली, दादाने चहा-पोहे केले, मला आत बसवलं. तासाभरात ठरलं: त्यांनी राजीखुशीने मोकळं करायचं आणि मुलगी तिकडे राहायची. दादाने इगतपुरीचा रेल्वेतला एक बिजवर हेरून ठेवला होता, त्याला पोरगी नको होती. दादा वाईट नव्हता हो. बहिणीचा संसार पुन्हा उभा करायचा म्हणून त्याने चपला झिजवल्या होत्या. फक्त त्या संसारात माझी पोर मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन वकीलबाईंकडे गेला. "मॅडम, सगळं मिटलं. मुलगी तिकडं ऱ्हाईल. तेवढं लिहून टाका."

मी खाली बघत बसले. दोन महिने देवळाच्या पायरीवर गिऱ्हाइकांशी भांडणारी मी, भावासमोर पुन्हा ती फिकट साडीवाली झाले होते. पोर माझ्या मांडीवर बसून परातीतल्या शेंगा पळवत होती.

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"फी कोण देतंय?"

दादा गडबडला. "फी... ही देती. पण मी हिचा भाऊ हाय मॅडम, बापाच्या जागी."

"असाल. पण मी हिने लावलेली वकील आहे. हिने सांगितलं तर आत्ता लिहिते." मग माझ्याकडे वळल्या. "बोला, बाई. तुमची वकील विचारतेय."

नुसत्या डोळ्यांनी बघत राहिल्या. त्यांना चष्म्याशिवाय माझं तोंडसुद्धा नीट दिसत नसणार. मला वाटतं, चष्मा त्या मुद्दामच वर सरकवायच्या.

"मुलगी मी देणार नाही," मी म्हटलं. देवळाच्या पायरीवरचा माझा आवाज होता तो. बाहेरपर्यंत गेला.

"डोकं फिरलं का तुझं? कोण करील तुला?" दादा उठलाच.

"दादा, बसा. चहा घ्या," वकीलबाई म्हणाल्या. "चहा फुकट आहे."

पुढे केस रखडायची तेवढी रखडली. सासूने कोर्टात पोरीला बर्फीचं आमिष दाखवलं, पोरीने बर्फी खाल्ली आणि पळत माझ्याकडे आली. निकाल लागला तेव्हा पोर शाळेत जायला लागली होती. ती माझ्याकडेच राहिली.

दादा बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. पण एका पहाटे माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर मोगऱ्याच्या कळ्यांची पाटी दिसली, ओल्या फडक्याने झाकलेली. मी मळ्यात जाऊन पैसे पुढे केले. तो म्हणाला, "आता भावालाबी फी देती का?" मी म्हटलं, "हो." त्याने घेतले. रोज घ्यायचा.

शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी मी वकीलबाईंना वाकून नमस्कार केला. इतकी वर्षं त्या मला "अहो बाई" म्हणत आल्या होत्या. त्या दिवशी पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "संपलं आपलं वकील-पक्षकाराचं. आता येत जा गं अधूनमधून. मटार सोलायला."

जात राहिले. त्यांचं कोर्ट सुटलं, मग स्कूटर चालवणं सुटून ती फाटकाशी उभी राहिली, तरी गजरा विकतच घ्यायच्या आणि घासाघीस करायच्या. मी एक पैसा सोडला नाही. त्यांना तेच आवडायचं.

यंदा हिवाळ्यात त्या गेल्या. मी गजरा घेऊन गेले, तर फाटकाशी स्कूटर नव्हती. पुतण्याने भंगारात दिली म्हणे. तो गजरा हातात घेऊन मी रस्त्यावर उभी राहिले, त्यांच्यासारखीच, कुठे ठेवावा ते न कळून. तेवढ्यात मुलगी मला न्यायला आली. बेचाळिशीची झालीय आता, बँकेत आहे. वकीलबाईंसारखे तिचेही केस मानेपर्यंत कापलेले. मी तो गजरा तिच्या स्कूटीच्या डाव्या आरशाला गुंडाळायला लागले.

"आई, अगं काय करतेस? मागचं दिसणार नाही मला."

"उजव्यात दिसतं की," मी म्हटलं आणि मागे बसले. "चल."