बोंबलांच्या ड्रमातली फाईल

माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेला अजून बोंबलांचा वास येतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याला थोडा कमी, जातीच्या दाखल्याला सगळ्यांत जास्त. पूर्वी मी फाईल उघडायच्या आधीच समोरच्याची माफी मागून टाकायचे. आता मागत नाही. ज्याला वास सोसत नाही त्याने खिडकी उघडावी.

हरिहरेश्वरच्या अलीकडे आमची कोळ्यांची वस्ती आहे. उन्हाळाभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. देवाला जाणारे पर्यटक तिथून जाताना गाडीच्या काचा वर करतात आणि परत येताना तिथेच गाडी थांबवून किलोभर बोंबील घेतात. आई त्यांना चार पिशव्यांत बांधून देते आणि गाडी सुटली की पोट धरून हसते. बाबांची बोट आहे, आईचा सुक्या मासळीचा धंदा आहे, आणि या दोघांची एकुलती एक मुलगी मी.

दहावीनंतर मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलचा डिप्लोमा घेतला. कारण अगदी साधं होतं. बोटीचं इंजिन बंद पडलं की बाबा दुरुस्तीवाल्याची वाट बघत दिवसचे दिवस किनाऱ्यावर बसायचे, आणि वाट बघायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. डिप्लोमा पास झाल्याचं कळलं तसं वस्तीने मला इंजिनिअर करून टाकलं. लोक मिक्सर घेऊन येऊ लागले, शिलाई मशीन घेऊन येऊ लागले. एकीने तर बिघडलेला कुकर आणला. मी ते सगळं दुरुस्त केलं, त्यामुळे गैरसमज आणखीच पक्का झाला.

म्हणून मला अजून शिकायचंय, हे मी घरात सांगितलं तेव्हा बाबांच्या हातातली जाळं विणायची सुई थांबली.

"अजून काय शिकायचं? झालीस की इंजिनिअर."

"हा डिप्लोमा होता बाबा. आता डिग्री करायचीय."

"मंग ही तीन वरसं काय केलंस?"

मी त्यांना सगळं सांगितलं. डिप्लोमावर नोकरी मिळते, पण पुढे एका जागी अडकायला होतं. मला नुसतं नटबोल्ट आवळायचं नव्हतं, यंत्र कसं असावं हे ठरवणाऱ्या लोकांत बसायचं होतं. आणि डिप्लोमा झालेल्यांना डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पहिलं वर्ष माफ.

बाकीचं सगळं आईच्या डोक्यावरून गेलं, पण माफ हा शब्द तिने बरोबर उचलला. संध्याकाळपर्यंत ती वस्तीभर सांगून आली की सरकारने आमच्या पोरीला एक वर्ष माफ केलं. जणू माझी हुशारी बघून मंत्र्याने स्वतः फोन केला होता. शेजारची काकी मला येऊन म्हणाली, "एकच केलं व्हय? जरा रेटून बोलायचंस, दोन केली असती."

आता कॉलेजचा प्रश्न. खासगी कॉलेजांची फी ऐकून बाबा नुसते हसले. ते हसले म्हणजे विषय संपला, हे मला लहानपणापासून माहीत आहे. परवडण्यासारखं सरकारी कॉलेज तेवढं होतं. तिथली फी आमच्या आवाक्यातली होती, वर सवलत मिळणार होती. उरलं वसतिगृह आणि खाणावळ. त्याची सोय आईने केली होती. दर उन्हाळ्याच्या शेवटी ती निवडक बोंबलांच्या जुड्या एका मोठ्या निळ्या ड्रममध्ये भरते, तोंडावर जुनं लुगडं आणि प्लास्टिक घालते आणि स्कूटरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळते. गौरी-गणपती झाले की घाटावरचा व्यापारी टेम्पो घेऊन येतो आणि चांगला भाव देतो. तोवर त्या ड्रमला कोणी हात लावायचा नाही. पावसाळी हवा आत शिरली की बोंबील मऊ पडतात, मग लाल पडतात, आणि मग त्यांना कोंबड्यांच्या खाद्यवाल्याशिवाय कोणी विचारत नाही. आदल्या वर्षी काकीने पाहुणे आले म्हणून ड्रम उघडला होता. त्यात तिचा सगळा माल गेला. वस्तीत अजून त्याचं नाव काढलं की काकी उठून घरात जाते.

थोडक्यात, त्या वर्षी माझी खाणावळ ड्रममध्ये होती.

श्रावण लागला होता. वारा इतका होता की बोटी बंदरातच नांगरलेल्या होत्या. आमच्याकडे मोबाईलला रेंज धक्क्यावरच नीट येते, म्हणून मी छत्री सांभाळत तिथे उभं राहून प्रवेशाची यादी उघडली. घाटावरच्या सरकारी कॉलेजात मला जागा मिळाली होती. मी धक्क्यावर एकटीच ओरडले. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की परवा संध्याकाळपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. पहाटेची एसटी धरून, म्हसळ्याला आणि माणगावला गाडी बदलून जायचं, म्हणजे हातात जेमतेम उद्याचा दिवस होता.

मी धावत घरी आले आणि कपाट उघडलं. फाईल नव्हती. फॉर्म भरताना फोनमधले जुने फोटो चालले होते, त्यामुळे महिनोन् महिने मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"आई, माझी फाईल कुठाय?"

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हाय की. ड्रमात."

मला आधी वाटलं, ती मस्करी करतेय. मग तिचा चेहरा बघितला. मस्करी नव्हती.

तिच्या बाजूने बघितलं तर चूक काहीच नव्हती. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या कपाटाला ओल आली आणि बाबांच्या बोटीच्या कागदांचा लगदा झाला. नवे कागद काढताना बाबांच्या तोंडाला फेस आला. तेव्हाच आईने ठरवलं की घरात पावसाळ्यात खात्रीने कोरडी राहणारी एकच जागा आहे. ओल नाही, वाळवी नाही, उंदीर नाही. तिने माझी फाईल दोन पिशव्यांत गुंडाळली, ड्रमच्या तळाशी ठेवली आणि वर बोंबील रचले. सगळ्यांत मोलाची वस्तू तळाशी ठेवायची, हे तिच्या दृष्टीने उघडच होतं.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. मला विचारायचं तरी, असं ओरडले. आई म्हणाली, "इचारलं असतं तर तू नगं म्हनाली असतीस."

ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला.

पाऊस तर असा लागला होता की समोरचं घर दिसत नव्हतं. मी पुन्हा धक्क्यावर जाऊन कॉलेजला फोन लावला. थोडी मुदत मिळेल का, विचारलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, "कागद हरवलेत का?" मी म्हटलं, "नाही, घरीच आहेत." "मग घेऊन या की," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याला काय समजावून सांगणार?

परत येताना मी मनाशी हिशोब केला. ड्रम उघडला तर जागा मिळेल, पण माल गेला तर खाणावळ कुठून भरायची? नाही उघडला तर खाणावळ शाबूत, पण शिकायला जागा नाही. मला रडू येत होतं. घरात शिरता शिरताच मी सांगून टाकलं, "राहू दे. मी नोकरी धरते. पुढच्या वर्षी परत फॉर्म भरेन."

आईने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं, दारात जाऊन आभाळाकडे बघितलं आणि आत येऊन कोयती घेतली.

"बोंबील पुढल्या वर्षीबी येतील," ती म्हणाली आणि ट्यूबची पहिली पट्टी कापली.

त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पण आमच्या घरात असं काही करायची पद्धत नाही, म्हणून मी ड्रम धरून ठेवला.

पट्ट्या तुटल्याचा आवाज झाला तशी काकी डोकावली. उघडा ड्रम बघून तिने कपाळाला हात लावला. मग कारण ऐकलं, दोन्ही हात कमरेवर ठेवून क्षणभर उभी राहिली आणि पावसातच निघून गेली. ती गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन आली. आमच्याकडे स्वयंपाक गॅसवर होतो, पण अंघोळीचं पाणी अजून प्रत्येकीच्या मागच्या पडवीत चुलीवर तापतं. काकीने फर्मान काढलं, की जुड्या वाटून घ्यायच्या, प्रत्येकीने आपल्या चुलीच्या वर टांगायच्या आणि गणपतीपर्यंत धग लावून राखायच्या. जे तिच्या मालाचं झालं ते आईच्या मालाचं ती होऊ देणार नव्हती.

पण कोणाच्या घरात कोणाचे बोंबील, हे कळणार कसं? आईने इकडेतिकडे बघितलं आणि खुंटीवरचा माझा पॉलिटेक्निकचा निळा ॲप्रन ओढला. तीन वर्षं वर्कशॉपमध्ये घातलेला तो ॲप्रन तिने टराटरा फाडला आणि प्रत्येक जुडीला एक निळी चिंधी बांधली. मी नुसती बघत राहिले. डिप्लोमा खरा संपला तो तेव्हा. पदराखाली, टोपलीत, घमेल्यात, जमेल तशा झाकून जुड्या घरोघर गेल्या. तळाची फाईल हाती आली तेव्हा ती ठणठणीत कोरडी होती. आईने ती माझ्यासमोर धरली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं.

वासाचं मात्र काय सांगू. मी कागद रात्रभर पंख्याखाली पसरले. पहाटे निघताना त्यांच्यावर पावडर टाकली. त्याने बोंबलांना जाईचा वास येऊ लागला, जो नुसत्या बोंबलांपेक्षा वाईट. माणगावच्या गाडीत कंडक्टर दोनदा विचारून गेला, "मासळीची टोपली कुणाची? टपावर टाका."

कॉलेजात कागद तपासायला एक कडक चेहऱ्याच्या मॅडम बसल्या होत्या. समोर लांब रांग होती. प्रत्येकाचा कागद त्या उजेडात धरून, उलटसुलट करून बघत होत्या. माझी फाईल उघडली तशी त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी घाबरून एका दमात सगळं सांगून टाकलं: ओल, बोटीचे कागद, ड्रम, आई. त्यांनी एकही कागद उजेडात धरला नाही. भराभर शिक्के मारले. त्या दिवशीच्या रांगेत इतक्या लवकर कोणाचंच काम झालं नसेल. फाईल परत देताना त्या खाली वाकून हळूच म्हणाल्या, "श्रावण संपल्यावर किलोभर आणशील का गं? इथं चांगले मिळतच नाहीत."

मी जिन्यावर बसून हसले. मग रडले. मग पुन्हा हसले, आणि वसतिगृह शोधायला गेले.

गणपतीला घरी आले तेव्हा बायका जुड्या परत आणून देत होत्या. बोंबलांना धुराचा वास लागला होता, गणपतीनंतर आलेल्या व्यापाऱ्याने थोडी कुरकुर केली, पण माल गेला नव्हता. माझ्या खाणावळीची सोय झाली. जुड्या परत आल्या त्याच संध्याकाळी आई त्या हातात घेऊन उलटसुलट बघत बसली होती. सगळ्यांवर निळी चिंधी होती.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"गाठ," ती म्हणाली. "ही माझी गाठ न्हाय. हीबी न्हाय."

सुतळीची गाठ प्रत्येकीची वेगळी असते आणि आईला सगळ्या गल्लीच्या गाठी ओळखू येतात. जिच्या घरी जुडी मऊ पडली, तिने आपल्या घरातली चांगली जुडी काढून तिला माझी चिंधी बांधून दिली होती. कोणीही तसं बोललं नव्हतं. काकीने दिलेल्या जुड्यांत आईची गाठ एकाही जुडीला नव्हती. तिच्या पडवीचं छप्पर गळतं, हे आम्हाला माहीत होतं. आईने नाक पुसलं आणि उद्या सगळ्यांना मोदक पोचवायचे, एवढंच म्हणाली.

मी डिग्री पूर्ण केली. पहिलं वर्ष माफ असलं तरी त्यातलं गणित कोणी माफ केलं नाही, ते माझं मला भरून काढावं लागलं. मॅडमना दर सुट्टीनंतर बोंबील पोचत राहिले. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा मी नोकरीला लागले होते. मे महिन्यात रजा काढून ते घरी घेऊन आले. आईने ते गल्लीत दारोदार फिरवलं. काकीने चष्मा लावून बघितलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "ह्या डिग्रीला वासच न्हाय गो. खरी हाय ना?"

पाऊस जवळ आला होता, आईचं ड्रम भरणं चाललं होतं. मी पदवी दोन पिशव्यांत गुंडाळून तिच्या हातात दिली.

"वरतीच ठेवते आता," ती म्हणाली. "लागली तर पटकन काढता यील."

"नको," मी म्हटलं. "तळाशीच ठेव. लागली तर बोलावू सगळ्यांना."

आईने माझ्याकडे बघितलं, ड्रममध्ये वाकली आणि पदवी तळाशी ठेवली. मग मी तिला एकेक जुडी देत गेले.