तयार नदी

गेल्या सोमवारी सकाळी, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात, रक्कम रुपये एकशे वीस; हजर मी, माझी मुलगी आणि दुकानदार. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पर्यावरण हा विषय तिथे सगळ्यांना सक्तीचा आहे. चार रविवार आमच्या नदीवर जाऊन, पाण्याचा रंग आणि वास टिपून, तिने आठ पानांचा प्रकल्प लिहिला होता. सरांनी तो परत दिला. वीस पानं हवीत, इतरांसारखी.

इतरांसारख्या प्रकल्पांची चळत काउंटरवरच होती, विकायला तयार. प्रत्येकावर तीच निळीशार नदी. आमची काळी आहे. मी एक प्रकल्प उघडला. आत ऋणनिर्देश होता: ‘माझ्या वडिलांनी मला नदीकाठी नेले.’ मी कधीच नेलं नव्हतं. ती एकटी जायची.

“नाव तेवढं घाला ताई, बाकी सगळं पास झालेलं आहे,” दुकानदार म्हणाला.

आकडेमोडीतून मुलांनी एकदा मान वर करून बाहेर बघावं, म्हणून हा विषय ठेवला असेल. जिने बघितलं, तिचीच पानं परत आली. मी तो प्रकल्प परत चळतीवर ठेवला.

“बाबा, द्या ना. उद्या शेवटचा दिवस आहे.”

एकशे वीस रुपये दुकानदाराला दिले. त्यात माझे छापील आभारही आले.