लाल नखं
नातीनं मेंदी कालवली की मी उठून ओसरीवर जातो. निजामाच्या राज्यात मी हिंगोलीला कंपाउंडर होतो. डॉक्टर दमेकऱ्यांवर नवं औषध अजमावत होते. रक्तात प्राणवायू वाढला की निळी नखं लाल होतात, ती पाहून लिहायचं काम माझं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई घुंगटाआडून म्हणाली, "दम तर लागूनच राहिला, दादा." तिच्या हाताला, नखांनासुद्धा, लेकीच्या लग्नाची मेंदी होती, वाससुद्धा येत होता. एखादं कोरं नख शोधायला हात धरावा लागला असता, आणि तांड्यावरच्यांना मी शिवत नव्हतो. लांबूनच पाहून 'लाल' लिहिलं. डॉक्टरांनी तेच औषध चालू ठेवलं. बाई दम्यानंच मेली. पुढच्या बाजारी तिचा नवरा उरलेली बाटली घेऊन आला. "दुसऱ्या कोणाला कामी येईल," म्हणाला. तीही मी त्याला खाली ठेवायला लावली.