अठरा गुणांची बहीण

माझ्या धाकट्या भावाच्या हाडांतला मगज रक्त बनवायचा थांबला, तेव्हा तो नुकताच कॉलेजात जायला लागला होता. अंगावर काळेनिळे डाग दिसले म्हणून आईने आधी त्याला मारामारी करतोस काय म्हणत पाठीत धपाटे घातले. दुसऱ्या दिवशी त्या धपाट्यांचेही डाग उठले. नागपुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की बाहेरचं रक्त देऊन काही दिवस ढकलता येतील, पण खरा इलाज म्हणजे सख्ख्या भावंडाचा मगज याच्या अंगात घालायचा. हा इलाज तेव्हा नुकताच मुंबईत होऊ लागला होता. आम्ही दोघंच भावंडं, म्हणजे मगज माझाच.

मी बाबांसोबत मुंबईला जाऊन तपासणीसाठी रक्त देऊन आले. निकाल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. बाबा घरी आले आणि चपला न काढताच म्हणाले, "पोरीचं अर्धं जुळलं म्हणते."

अर्धं म्हणजे हसायचं की रडायचं, कोणालाच कळेना. तेव्हा कळमेश्वरचा मामा आमच्याकडेच होता. नात्यातल्या सगळ्या पत्रिका त्याच्या हाताखालून जायच्या. त्याने मांडीवर थाप मारली.

"अर्धं म्हणजे छत्तीसातले अठरा झाले ना जी, भाऊजी! अठरा गुणांत लगन लागते. मंग काहून तोंड पाडून बसले?"

आमच्यात अठरा म्हणजे पास. माझी आई स्वतः अठरा गुणांवरच या घरात आली होती आणि चांगली टिकली होती. आईने देवापुढे दिवा लावला. बाबांनी संत्र्याची बर्फी आणून गल्लीत वाटली. फोनवरच्या माणसाला पुन्हा विचारावं, असं कोणाच्याही मनात आलं नाही.

मग माझं कौतुक सुरू झालं. शेजारणी येऊन मला कुंकू लावायच्या, कडाकडा बोटं मोडायच्या. आईने माझी ओटी भरली, नवी साडी घेतली. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही खुशाल चढले. मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू? जन्मभर त्या घरात मटणातली नळी भावाच्या ताटात पडली होती. आता मगज वाढावा म्हणून मामा खास नळ्या आणायचा आणि आई त्या माझ्या ताटात वाढायची. भाऊ समोर बसून बघायचा.

"ठोक वं ताई, चांगली जोरात ठोक," तो म्हणायचा. "माहाच माल हाय तो."

मुंबईला कधी निघायचं ते विचारायला आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलो. मी नवी साडी नेसले होते. मामाने टेबलावर बर्फीचा डबा ठेवला. डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"अर्धं चालत नाही हो," ते हळूच म्हणाले. "पूर्ण जुळावं लागतं. नाही तर तिचा मगज याच्याच शरीराला परकं समजून त्याच्यावर उठेल."

"पण साहेब, अठरा गुण तर जुळून राहिले ना?" मामा म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. मूल निम्मं आईकडून घेतं, निम्मं बापाकडून, हे त्यांनी नीट समजावलं. अर्धं तर आईचंही जुळणार, बाबांचंही. त्यात माझं विशेष असं काही नव्हतंच. आईने पदर तोंडाला लावला. मला त्या नव्या साडीची अशी लाज वाटली की ती तिथेच फेडून टाकावीशी वाटली. शरीरात जे नव्हतं त्याच्यासाठी मी ओटी भरून घेतली होती. घरी येताना शेजारणीने गल्लीतच गाठलं, "मंग, तारीख निंगाली का वं?" मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

नातेवाइकांच्या रक्तावर भावाने काही महिने काढले. पुढचा पोळा त्याने पाहिला नाही.

आता म्हणे अर्धं जुळलेलंही चालतं. आई, बाप, बहीण, कोणाचंही घेतात आणि पोरं जगतात. हे ऐकलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी तीच जुनी लाज वर आली. तो गेला आणि तेच अर्धं अंगात घेऊन मी म्हातारी झाले.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी मामाने सकाळीच आणून ठेवलेलं मटण शिजलं होतं. आईने पातेल्यात पळी फिरवली, नळी वर आली, आणि ती कोणाच्या ताटात घालावी ते तिला कळेना. मी मान वर केली नाही. भावानेच हात लांबवून नळी घेतली, चोखली, आणि अर्ध्यात थांबून माझ्या ताटात ठेवली.

"खा वं ताई. अर्धं तर जुळते ना आपलं."

त्याच्या हिरड्यांतलं रक्त नळीच्या तोंडाला लागलं होतं. आई माझं ताट ओढायला पुढे झाली. मी तिचा हात बाजूला केला आणि उरलेली नळी चोखून संपवली.