डोळ्याला दिसू नये असा दिवा

मशीन बिघडलंय असं कुणी येऊन सांगितलं की खरात मॅडम आधी हात वर करायच्या, रस्त्यावरचा पोलीस गाडी अडवतो तसा. मग म्हणायच्या, "तुम्हाला काय वाटलं ते नंतर. काय झालं ते सांगा." समोरचा गडबडायचा. 'काट्याचा सेन्सर गेलाय' हे वाटलेलं असतं. 'पडद्यावर शून्य आलं आणि दहा मिनिटं तसंच राहिलं' हे झालेलं असतं. हा फरक अंगवळणी पडायला मला त्यांच्याबरोबर सहा महिने काढावे लागले, आणि त्याआधी मी पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली होती.

वडिलांच्या आजारपणामुळे मी अंबडला परत आलो आणि जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी शोधली. आम्ही दहा-बारा माणसं होतो. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांत रुईच्या गाठी बांधणारी प्रेस असते, तिच्यावर लक्ष ठेवणारा छोटा संगणक आम्ही बनवायचो. त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, तो खरात मॅडम बघायच्या. माझी मुलाखत त्यांनीच घेतली. बारीक अंगाची, पन्नाशीची बाई, नाकावर घसरलेला चष्मा, टेबलावर अर्धा खाल्लेला पेरू.

"इंटरप्ट म्हणजे काय, सांगा," त्या म्हणाल्या.

मी पुस्तकातली व्याख्या सांगितली. यंत्राचा एखादा भाग प्रोसेसरला हाक मारतो, प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवतो आणि त्या हाकेसाठी लिहिलेला कोडचा तुकडा, म्हणजे हँडलर, चालवतो.

"बराबर. पण कुणाला समजून सांगायचं तर?" मी अडखळलो तेव्हा त्याच बोलल्या. "माझे वडील एसटीचे ड्रायव्हर. जाफराबाद-जालना. कंडक्टरनं एक बेल मारली की त्यांचा पाय ब्रेकवर. कोण उतरून राह्यलं, टपावर सामान किती, म्हातारीला हात द्यायचा का, ते सगळं गाडी थांबल्यावर. बेल वाजल्या वाजल्या ते मान वळवून विचारत बसले असते तर पुढं बैलगाडी आली ते कुणी बघायचं? हँडलर तसा पाहिजे. ब्रेक दाबायचा आणि मोकळं व्हायचं. चौकशा नंतर."

मला नोकरी मिळाली. वाक्य पाठ झालं. पाठ होणं आणि कळणं यांत बरंच अंतर असतं, हे पुढं कळणार होतं.

मॅडम कुठल्या मोठ्या कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशक. तिथल्या वर्कशॉपला कुणीतरी जुने संगणक देणगी दिले होते. त्यावर फुकटची सिस्टिम चढवली, तर प्रिंटर चालेना. सगळ्यांनी प्रिंटरवर कापड टाकलं. मॅडमनी कर्नेलचा कोड वाचायला घेतला. अकरा महिने वाचला. जाफराबादहून येताना बसमध्ये, जाताना बसमध्ये, कागदाच्या चळती मांडीवर घेऊन. शेवटी तीन ओळींची चूक सापडली. ती दुरुस्ती त्यांनी परदेशातल्या, कर्नेल सांभाळणाऱ्या माणसाला पाठवली. त्यानं दोनदा परत पाठवली, तिसऱ्यांदा घेतली. "बापाला भ्याव वाटलं," त्या सांगायच्या. "म्हणे, परदेशातून इतक्या चिठ्ठ्या येऊन राह्यल्या, पोरी, तू काय भानगड केली?" मग थोडं थांबून, "जगभर चालतंय ते. त्यात तीन ओळी जाफराबादच्या हायेत."

हा एवढाच अभिमान मी त्यांच्या तोंडून ऐकला. बाकी त्यांचा स्वभाव काही गोड नव्हता. चहा कीबोर्डजवळ ठेवलेला खपायचा नाही. वाढदिवसाचा केक कापताना त्यांची मुद्रा दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखी असे. फोन उचलून 'जय भीम, बोला' म्हणायच्या आणि तीन वाक्यांपलीकडे ऐकून घ्यायच्या नाहीत. कौतुक तर नाहीच. माझं काम बरं असलं की एकच शब्द, "चालतंय."

माझ्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, कापसाचा हंगाम भरात असताना, कुंभार पिंपळगावच्या एका जिनिंगमधून फोन आला. प्रेसचं गेट, म्हणजे रुई दाबायच्या पेटीचं दार, उघडलं की मोटार तिथल्या तिथं थांबायला हवी. दोनदा ती उशिरा थांबली होती. कुणाला काही झालं नव्हतं. आमचे मालक शिरसाट साहेब म्हणाले, "गेटचा सेन्सर बदलून द्या. धुळीनं असं होतं."

मॅडमनी हात वर केला. "सेन्सर खराब असता तर थांबलीच नसती. ही उशिरा थांबली. हे वेगळं हाय." दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं त्या निघाल्या. मला म्हणाल्या, "कुलकर्णी, तुम्हीबी चला."

जिनिंगच्या दारात कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. आत हवेत रुईचे तंतू तरंगत होते; बोलायला तोंड उघडलं की ओठांवर बसायचे. मॅनेजरनं खुर्च्या मागवल्या. मॅडम खुर्चीवर न बसता थेट प्रेसपाशी गेल्या. तिथं कांताबाई नावाची एक कामगार बाई होती. प्रत्येक गाठीनंतर गेट उघडून आत अडकलेली रुई हातानं काढायची, हे तिचं काम. मॅडमनी तिला नेहमीचाच प्रश्न विचारला. "बाई, काय झालं ते सांगा."

"काय न्हाई झालं," कांताबाई म्हणाली. "मी गेट उघडलं की मनात तीनपस्तोर मोजते. मंग हात घालते."

"कवापासून मोजता?"

"पयल्या हंगामापासून. ते लवकर थांबतंय, पर कवाकवा न्हाई थांबत. तिकडं काट्याला गाठ टांगलेली असली की जादा."

मी तिथंच उभा होतो. काटा म्हणजे गाठीचं वजन करणारा काटा. त्याचा हँडलर मी लिहिला होता. मनात म्हणालो, ऑफिसात शंभरदा तपासलाय, तो नसेल.

मॅडमनी पिशवीतून दोन बारीक दिवे काढले, एक लाल, एक हिरवा. आमच्या संगणकाच्या बोर्डाला जोडले. मग तिथंच पोत्यावर लॅपटॉप ठेवून त्यांनी कोडमध्ये भर घातली: गेटचा हँडलर सुरू झाला की लाल दिवा लागेल, संपला की विझेल, काट्याच्या हँडलरला हिरवा. मला म्हणाल्या, "हँडलर किती वेळ चालतो? डोळ्याला दिसणारबी न्हाई इतका. म्हणजे हे दिवे लागलेले आपल्याला दिसायलाच न्हाई पाहिजेत. दिसला, तर तिथं कुणीतरी बसून राह्यलंय."

कांताबाईनं रिकाम्या प्रेसचं गेट चार वेळा उघडलं. लाल दिवा काही दिसला नाही. मग दोघा हमालांनी गाठ काट्यावर आणली. काट्याच्या साखळीला टांगलेली गाठ हलकेच झुलत होती. आम्ही तिघं बोर्डाकडे वाकलो होतो.

"पेटला की!" कांताबाई ओरडली. "हिरवा पेटला!"

पेटला होता. विझला, पुन्हा पेटला. अगदी निवांत, कुणालाही दिसेल असा.

मी काय केलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. काट्याकडून हाक आली की वजन वाचायचं. वजन हलत असेल तर सलग तीन वेळा तोच आकडा येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं मी हँडलरच्या आतच लिहिलं होतं. ऑफिसात आम्ही काट्यावर लोखंडी वजन ठेवायचो. ते हलत नाही, तीन आकडे लगेच सारखे यायचे. इथं गाठ झुलत होती. आणि आमच्या बोर्डाला प्रोसेसर एकच. एका हाकेचं काम चालू असेपर्यंत बाकीच्या हाका खोळंबणार. माझा हँडलर गाठ स्थिर व्हायची वाट बघत बसला होता. तेवढ्यात कांताबाईनं गेट उघडलं, तर त्या गेटची बेल ऐकायला कुणी मोकळंच नव्हतं.

ती तीनपर्यंत मोजत होती म्हणून तिचे हात शाबूत होते.

"मॅडम, हे माझं..." मी म्हणालो.

"हो," त्या म्हणाल्या. "ते नंतर." आणि फोन काढला.

आमची मशीनं सात जिनिंगमध्ये बसवलेली होती. त्यांनी सातही ठिकाणी स्वतः फोन केले. "जय भीम. प्रेसचं गेट उघडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. आजपासून, दर वेळी. ते जमत नसलं तर प्रेस बंद ठेवा. आमच्याकडून चूक झाली. दुरुस्त करून द्यायला आम्ही येऊन राह्यलो." एका मॅनेजरनं हंगामाचं गाऱ्हाणं सुरू केलं. त्याला म्हणाल्या, "हंगाम दर वर्षी येतो, साहेब. हात येत न्हाई." सातवा फोन झाल्यावर त्यांनी आठवा शिरसाट साहेबांना केला.

परत गेलो तेव्हा साहेब लाल झाले होते. "मला न विचारता सगळीकडे सांगून टाकलं? बाजारात आपलं नाव काय राहील?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही विचार केला असता," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तेवढा वेळ नव्हता. आता ओरडून घ्या. मी बसते." आणि खरंच खुर्ची ओढून बसल्या. साहेब पाच मिनिटं ओरडले. मग दमले, आणि विचारलं, "दुरुस्तीला किती दिवस?"

दोन दिवस लागले. हँडलर मीच पुन्हा लिहिला, त्या शेजारी बसून होत्या. आता त्यात चारच ओळी उरल्या: हाक आली, नोंद केली, पोचपावती दिली, बाहेर. आकडे जुळवायचं काम वेगळं काढलं. ते सवडीनं चालतं आणि मध्येच गेटची हाक आली तर मुकाट बाजूला होतं. पण मॅडमचं समाधान झालं नाही. गेटच्या स्विचपासून मोटारीपर्यंत संगणकाला वगळून एक सरळ वायर टाकायचा त्यांनी आग्रह धरला, म्हणजे गेट उघडलं की वीजच तुटावी. "माणसाचा हात एकट्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवायचा न्हाई. माझ्याबी न्हाई. हे मी इथं आले तवाच विचारायला पाहिजे होतं." साहेबांनी या वेळी वाद घातला नाही.

कुंभार पिंपळगावला दुरुस्ती झाली. मी मनातून हलका होऊन निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "कांताबाईला सांगितलं का?"

"काय?"

"काय झालं ते."

तिच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला घाम फुटला होता. पुण्यात मोठ्या सभेत बोलताना कधी फुटला नाही इतका. मी सांगितलं की काट्याचं काम मी लिहिलं होतं, ते चुकीचं लिहिलं होतं, म्हणून मशीन उशिरा थांबत होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मंग आता मोजायचं न्हाई का?"

मी 'नाही' म्हणणार होतो. मॅडम मध्येच बोलल्या. "मोजत जा, बाई. आम्ही बराबर केलंय. तरी मोजत जा."

त्यानंतर आम्ही तीन वर्षं एकत्र काम केलं. त्या प्रकाराचा उल्लेख त्यांनी एकदाही केला नाही, रागावल्यावरसुद्धा नाही. मला वाटायचं, विसरल्या असतील. गेल्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. जाफराबादला घराजवळच्या दोन खोल्यांत त्या मुलींना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. निरोपाला हार घेतला नाही, केकही नको म्हणाल्या. पिशवीत दोन स्क्रू-ड्रायव्हर आणि चष्म्याचं घर टाकून, सगळ्यांना 'जय भीम' करून त्या बसस्टँडकडे चालत गेल्या.

या पावसाळ्यात एका नव्या ग्राहकाचे तपासनीस आमच्याकडे आले. त्यांनी जुन्या बिघाडांच्या नोंदी मागितल्या. ती फाइल मॅडम स्वतः लिहायच्या, आम्ही कधी उघडत नसू. मला कुंभार पिंपळगावचं पान आधी बघून घ्यायचं होतं. माझं नाव वाचायची तयारी करूनच मी ते उघडलं.

त्यांच्या उभ्या, टोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'काट्याचा हँडलर मी तपासून मंजूर केला होता. काटा ऑफिसात बघितला, कारखान्यात जाऊन बघितला नाही. चूक: मं. खरात. दुरुस्ती: कुलकर्णी.'

मी फोन लावला. "जय भीम, बोला."

"मॅडम, त्या पानावर तुम्ही स्वतःचं नाव लिहिलंय. चूक माझी होती."

"बराबर. तुमची होती ते तुम्ही त्या बाईच्या तोंडावर सांगितलं. माझी मला कुठंतरी सांगायची होती ना?" मागून मुलींचा गलका ऐकू येत होता. "आणखी काही?"

"नाही."

"मंग ठेवते. वर्ग चालू हाय."

मी पेन घेतलं. त्यांच्या ओळीखाली जागा होती. तिथं लिहिलं: 'हँडलर लिहिणाऱ्याची चूक: कुलकर्णी.' आणि ती फाइल तपासनिसांच्या हातात दिली.