न लिहिलेलं सतरावं कलम

हिमायतनगरच्या ज्या गल्लीत हिम्मतराव वाघमारे एकतीस वर्षं राहिले, तिथे कुणाला घर बदलायचं असलं की पहिली हाक त्यांनाच जायची. मुहूर्त बघणारे नंतर. कारण साधं होतं. हिम्मतराव पाणीपुरवठा खात्यात लाइनमन होते. खांद्यावर लांबलचक लोखंडी चावी टाकून ते गल्लोगल्लीचे वॉल्व्ह सोडत हिंडायचे. ‘हिम्मतभाई, नल कब आरा?’ हा प्रश्न त्यांनी नोकरीभर इतक्यांदा ऐकला, की निवृत्तीनंतर तो कानावर पडेनासा झाला तेव्हा त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

घराबाबत त्यांची मतं ठाम होती आणि न विचारताही मिळायची. संध्याकाळच्या गार वाऱ्यात घर बघायला जाणारा माणूस हमखास फसतो. जायचं ते भर दुपारी, नाहीतर नळाच्या वेळेला. सगळ्या तोट्या एकदम सोडायच्या आणि धार बघायची. भिंतीचा रंग बघायचा नाही, तळहात लावून ओल बघायची. सुतळी आणि गोणपाट बेगम बाजारातूनच आणायचं. खोक्यावर आत काय आहे ते लिहीत बसायचं नाही, ते कुठल्या खोलीत जाणार ते लिहायचं. स्वयंपाकघराचं खोकं टेंपोत सगळ्यात शेवटी चढवायचं, म्हणजे ते पहिलं उतरतं. बल्ब, पेचकस, काडेपेटी आणि औषधं आपल्या हातातल्या पिशवीत ठेवायची. आणि पहिल्या दिवशी फक्त अंथरूण आणि गॅस लावायचा, बाकी सगळं थांबतं.

अशी कितीतरी घरं त्यांनी लावून दिली. स्वतःचं हलवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचं एकट्याचंच हलवायचं होतं. बायको शोभा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा धम्मदीप, त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, मियापूरला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि पाच महिन्यांत कंपनीने त्याला कॅनडाला पाठवलं. ‘पप्पा, बंद घर खराब होतं, तुम्ही जाऊन राहा,’ असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा. त्यात चूक काही नव्हतं. हिमायतनगरच्या वरच्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्या हिम्मतरावांनी सोडायचं ठरवलं. घरमालकीण सत्यवतीअम्मा खालच्या मजल्याला कुलूप लावून विजयवाड्याला लेकीकडे असायच्या. त्यांनी फोनवर दोनदा ‘अय्यो’ म्हटलं आणि आठवड्यात नवे भाडेकरू पाठवले.

पुण्याहून आलेलं जोडपं होतं, ओंकार आणि मृण्मयी. दोघं संगणकाच्या कंपनीत, आणि तिचं काम घरूनच चालायचं. घर बघताना तिने भिंतीला हात लावला, तिथेच ती हिम्मतरावांना आवडली.

“काका, आम्ही इथे अगदी नवीन,” ती म्हणाली. “या घराच्या काही टिप्स लिहून ठेवाल का?”

मग काय विचारता! हिम्मतराव तीन दिवस लिहीत बसले. चांगली चार पानं झाली, सोळा कलमं. कुठला दिवा कुठल्या बटणाचा, खिडकीची कोणती कडी पावसात फुगते, दूधवाला कोणत्या हाकेला थांबतो, बोअरचं पाणी कशाला वापरावं आणि कशाला नाही. नळाचं पाणी एक दिवसाआड दुपारी साडेचारला येतं, हेही लिहिलं.

सतरावं कलम मनात तयार होतं. नळाचं पाणी हौदात पडायच्या आधी एक वॉल्व्ह होता, अंगणात पेरूच्या झाडाखाली, शहाबादी फरशीच्या आड. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता आणि त्यांच्याशिवाय तो कुणाला ठाऊक नव्हता. पेन कागदाजवळ गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी खाली आपला नंबर लिहिला, ‘काही अडलं तर फोन करा’ असं लिहिलं आणि कागदांची घडी घातली.

टेंपो भरल्यावर ते पेरूखाली गेले, फरशी सरकवली आणि वॉल्व्ह बंद केला. घर सोडताना पाणी बंद करावं हा आपलाच नियम आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. नियम खराच होता, पण माणूस स्वतःशी खोटं बोलायला बसला की त्याला नियम बरोबर सापडतो.

मियापूरच्या फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास होतं. तोटी फिरवली की धो धो, कुणाला काही विचारायला नको. हिम्मतरावांनी अंथरूण घातलं, गॅस लावला आणि बाकीची खोकी भिंतीशी रचून ठेवली ती तशीच राहिली. लिफ्टमधली माणसं मोबाइलमध्ये बघत वर जायची. एका बाईंना त्यांनी ‘कौनसा मजला?’ विचारलं, तर त्या बाईंनी नुसतं बटण दाबलं.

जुन्या घरी नळाची पुढची पाळी मंगळवारची, म्हणजे नळ आला नाही हे पुण्याच्या मुलीला तेव्हा कळणार, असा त्यांचा हिशेब होता. मंगळवारी दुपारपासून मोबाइल सदऱ्याच्या खिशात होता. तो वाजला नाही. गुरुवारी त्यांनी तो दोनदा बंद करून पुन्हा चालू केला, बिघडलाय का बघायला. शनिवार गेला. रविवारी तो वाजला तेव्हा ते धडपडत उठले, पण पलीकडे धम्मदीप होता. त्याच्याशी ते नीट बोललेही नाहीत आणि मग त्याचंच त्यांना दिवसभर वाईट वाटलं.

सोमवारी त्यांना राहवेना. ते मेट्रोने निघाले आणि चारच्या सुमारास जुन्या गल्लीत पोचले. फाटकाशी वीस लिटरच्या पाण्याचे दोन कॅन ठेवलेले होते. मृण्मयी तिसरा कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेका पायरीवर थांबत जिना चढत होती.

“अहो काका!” तिने कॅन टेकवला. “बरं झालं आलात. बघा ना, नळ काही येतच नाही. अम्मा फोनवर म्हणाल्या, उन्हाळ्यात प्रेशर नसतं.”

“मग फोन नाही केला, बेटा?”

“ओंकार रोज म्हणतोय, काकांना विचार. मी म्हटलं, त्यांनी चार चार पानं लिहिलीत, नळाला काही असतं तर लिहिलंच असतं त्यांनी. आणि तुमचंही घर लागायचं असेल ना अजून. उगाच कशाला त्रास द्यायचा?”

हिम्मतराव अंगणात गेले, पेरूखाली वाकले, फरशी उचलली आणि वॉल्व्ह पुरा सोडला. साडेचार व्हायला थोडा वेळ होता. तो वॉल्व्ह बघून मृण्मयी तेवढ्यात वर जाऊन त्यांची पानं घेऊन आली. कपाटाच्या दाराला आतून तिने ती चिकटवली होती, कोपऱ्यांना अजून टेप होती.

“एवढं यात लिहून टाका,” तिने पेन पुढे केलं. “म्हणजे पुन्हा तुम्हाला कधी त्रास द्यायलाच नको.”

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून सतरावं कलम लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग पेन परत देताना ते म्हणाले, “विसरलो नव्हतो मी. मुद्दाम नाही लिहिलं. वॉल्व्ह बंद पण मीच केला.”

तिच्या तळहातांवर कॅनचे लाल वळ उठले होते, ते त्यांना दिसले.

“काका, आठ दिवस मी पाणी चढवतेय,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण राग होता. “का पण?”

“अडलं की फोन कराल, म्हणून.”

“अहो, मग तुम्हीच करायचा ना फोन!”

“हौ,” हिम्मतराव म्हणाले. “पण काय सांगून करू?”

हौदात पाण्याची धार पडायला लागली, आणि तो भरेपर्यंत दोघं पेरूखाली उभी राहिली.