आजोबांच्या कडीला पालक

हसायचं असेल तर हातातला चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी जो शहाणपणा केला ना, तो चौथी शिकलेल्या बाईलाही शोभणारा नव्हता. आणि चौथी शिकलेली बाई म्हणजे मीच!

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आम्ही बायका एक गाळा चालवतो. नागली म्हणजे नाचणी, डाळी, ताजी भाजी. ज्याला गरज आहे त्यानं पिशवी घेऊन यावं, दुकानातून घेतो तसं निवडून न्यावं. पैसे नाहीत, रांग नाही, फोटो तर नाहीच नाही. आणि कुणाचं नावगाव विचारायचं नाही. हा नियम माझा! भाजी येते कळवणकडच्या एका मळ्यातून, फुकट. मालक कोण? टेम्पोवाला म्हणतो, "नाव सांगायची मनाई हाय."

तर एक आजोबा यायला लागले. विटका सदरा, झिजलेल्या चपला. यायचे, पालकाची जुडी उचलायचे, उलटीपालटी करायचे, माझ्याकडे बघायचे आणि जुडी ठेवून निघून जायचे. एकदा नाही, तीनदा!

माझा जीव तुटला हो. गाळ्यात माझ्या जोडीला सुनंदा असते, तिला म्हटलं, "लाजतोय बिचारा. घरात दाणा नसेल."

"मग विचारा ना त्यांना, ताई."

"विचारू? आणि नियम काय चुलीत घालू?"

मी गुपचूप त्यांच्या मागं जाऊन घर बघून आले. दोन गल्ल्या पलीकडं, भाड्याची खोली. दुसऱ्या दिवशी सकाळी पालक, मेथी, शेपू भरून पिशवी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवली आणि पळाले. गुडघे दुखतात माझे, तरी पळाले! आठवडाभर हाच धंदा. स्वतःवर इतकी खूश, की आरशात बघून मान डोलवायची.

आठव्या दिवशी टेम्पो आलाच नाही. फोन लावला तर टेम्पोवाला म्हणतो, "मालकानं भाजी बंद केली. त्या बायांना आपला माल पसंत नाय, म्हणले."

"कोण म्हणलं पसंत नाही?"

"मला काय म्हाईत! ठेवतो."

रॅक रिकामे. घरात बाळंतीण असलेली एक सासू शेपूसाठी आली आणि रिकामी पिशवी घेऊन परत गेली. तिचा चेहरा बघवेना. आता रोज या माणसांना काय दाखवू, डाळ आणि माझं तोंड?

तेवढ्यात आजोबा आले. आदल्या दिवशीची पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. "बाई, एकदा तोंडावर सांगा. काय खोट हाय?"

झालं! मी सुटले. "खोट कसली? द्यायचं म्हणून मनापासून देते मी! घ्यायला लाजता काय? गरिबी म्हणजे पाप आहे का?"

"गरिबी? कुणाची?"

"मान ताठ ठेवायची आणि खायचं! मी काही उपकार करत नाही तुमच्यावर!"

गाळ्यातली सगळी माणसं माना वळवून बघायला लागली. तसा मला आणखीच चेव आला. "तुमच्यासारख्या गरजू माणसानं तर..."

आजोबांनी एक जुडी काढून माझ्या नाकासमोर धरली. "ही लाल सुतळीची गाठ बघितली? आमच्या मंडळीच्या हातची हाय. मळा माझा, कळवणला; ती तिथंच असते, मी इथं पोराकडं राहतो. माझाच पालक तुम्ही सात दिवस माझ्याच दाराला टांगताय! मला वाटलं, माल नापसंत म्हणून परत करताय."

सुनंदा तोंडात पदर कोंबून रॅकमागं जाऊन बसली. मी कानाला हात लावले. पण माझी जीभ गप्प बसते का? "अहो, मग तीनदा आलात आणि न बोलता का गेलात?"

"पालकावर ओलं गोणपाट टाका, नायतर सुकतो, एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही अशा बघायच्या, की वाटायचं, आता पोलीसच बोलावते ही बाई."

घ्या! लोकांचा मान राखायला गाळा काढला, आणि माल देणाऱ्याचीसुद्धा माझ्यापुढं तोंड उघडायची हिंमत होईना!

दुसऱ्या दिवशी भाजी आली. वर ओलं गोणपाट, आजोबांनीच मळ्यावर सांगून घालायला लावलेलं. मीही दाराकडं तोंड असलेली माझी खुर्ची फिरवली. आता भिंतीकडं तोंड करून डाळ निवडत बसते.

महिन्याभरानं सुनंदा चाचरत म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही पाठ फिरवल्यापासून माणसं दुप्पट यायला लागलीत."